एजन्सीवाल्या साहेबांना, आयसीयूमधून

साहेब,

आपली भेट कधी झालेली नाही. तुमचा चेहरा मला माहीत नाही, आवाजही नाही. तुमच्या कंपनीचं ओळखपत्र माझ्या गळ्यात असतं, माझ्या कामाच्या पैशांतून दर महिन्याला तुमचा वाटा निघतो, आणि तरी उद्या रस्त्यात समोरून आलात तर मी तुम्हाला ओळखणार नाही. तुम्हीही मला ओळखणार नाही. न दिसण्यात तुमचा हात कुणी धरू शकणार नाही. म्हणून हे पत्र लिफाफ्यात न घालता उघडंच लिहिते आहे. ज्याचा पत्ता बिलावरच्या शिक्क्यापुरताच असतो, त्याला दुसरं कसं लिहायचं?

मी जव्हार तालुक्यातली. बारावीनंतर जीएनएम केलं, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी घेतली आणि तुमच्यामार्फत शहरातल्या एका मोठ्या इस्पितळाच्या आयसीयूत लागले. शहराचं, इस्पितळाचं, तुमच्या कंपनीचं नाव मी लिहिणार नाही. लिहिलं तर माझ्याबरोबरच्या मुलींना उद्यापासून ड्युटीचे मेसेज येणं बंद होईल. एकट्या तुमची चूक असती तर मी तुमच्याच दारात येऊन भांडले असते. पण तुमच्यासारखे पुष्कळ आहेत, प्रत्येक जिल्ह्यात आहेत, आणि तुम्हाला बोलावून आणणारे तुमच्याहून मोठे आहेत. त्यांच्याकडेही येते. आधी तुम्ही.

तुम्ही नेमकं काय विकता, हे तुम्हाला कुणी सांगितलं आहे का? तुमच्या बिलावर 'स्टाफ नर्स, आयसीयू, रात्रपाळी' एवढंच लिहिलेलं असतं. त्या ओळीत काय असतं ते मी सांगते, कारण तुम्ही ते पाहिलेलं नाही.

पावसाळ्यात आमच्याकडे मोखाड्याकडून मण्यार चावलेले पेशंट येतात. मण्यार रात्री चावते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. तिचे दात इतके बारीक की खूण दिसत नाही, दुखतही नाही. पहाटे पोटात कळ येते, उलटी होते, जीभ जड होते, पापण्या मिटायला लागतात. घरच्यांना वाटतं, झोप आली. मग श्वासाचे स्नायू थकतात. असा माणूस तालुक्याला पोचतो, तिथे त्याला सर्पविषाचं औषध देतात, नळी घालतात, आणि पुढे घाट उतरून किंवा चढून शहराकडे पाठवतात. आमच्याकडे येतो तेव्हा तो व्हेंटिलेटरवर असतो. हात हलत नाही, डोळा उघडत नाही, बाहुल्याही कधीकधी प्रकाशाला उत्तर देत नाहीत. नवख्या माणसाला वाटावं, संपलं. पण संपलेलं नसतं. तो ऐकत असतो. सगळं ऐकत असतो. काही दिवस यंत्राने श्वास दिला, नळी साफ ठेवली, अंगाला जखमा होऊ दिल्या नाहीत, तर हाच माणूस उठून बसतो आणि घरी जातो.

आता हे 'काही दिवस' कोण काढतं? दर तासाला नाडी, रक्तदाब, ऑक्सिजन, लघवी लिहून ठेवायची. नळी ओठाशी किती सेंटिमीटरवर बांधली आहे ते प्रत्येक पाळीत बघायचं, कारण ती दोन सेंटिमीटर आत सरकली तर एकाच फुप्फुसात हवा जाते. डोक्याकडची बाजू तीस अंशांवर तरी उचललेली ठेवायची. दर दोन तासांनी कूस बदलायची. घशात थुंकी साठली की सक्शन करायचं, आणि ते करताना ऑक्सिजन घसरतो का याकडे डोळा ठेवायचा. पूर्ण मिटत नसलेले डोळे कोरडे पडू नयेत म्हणून मलम लावायचं. शेजारच्या बेडला नॉरअ‍ॅड्रेनलिन चालू असेल तर त्याची सिरिंज संपायच्या आत दुसरी भरून तयार ठेवायची. मध्ये दोन मिनिटांची फट पडली तर रक्तदाब कोसळतो. पोटॅशियम कधी थेट शिरेत द्यायचं नाही, हे झोपेतही आठवलं पाहिजे. म्हणूनच भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषात व्हेंटिलेटरवरच्या एका रुग्णामागे एक परिचारिका असावी असं आहे. हा निकष कुणाचे लाड करण्यासाठी केलेला नाही. एका माणसाला दोनच डोळे असतात, म्हणून तो आहे.

आमच्याकडे रात्री एकीच्या वाट्याला तीन येतात. चारही आले आहेत. एका रात्री इस्पितळाने तुमच्याकडे सहा मागितल्या, तुम्ही चार पाठवल्या. त्या चारांतली एक त्याच दिवशी सकाळी दुसऱ्या इस्पितळातली पाळी करून आलेली होती. तुम्हीच तिला तिकडे पाठवलं होतं. सोळा तास जागी असलेल्या मुलीच्या हाती तुम्ही इन्सुलिनचा पंप दिला. बिल मात्र दोन ताज्या माणसांचं लावलंत.

तुम्हाला आणखी एक गोष्ट सांगते, जी कुठल्याच टेंडरमध्ये लिहिलेली नसते. मण्यार चावलेल्या अशाच एका माणसाशी मी आमच्या बोलीत बोलत होते. कात्री, सुई, नळी यांच्याआधी त्याला ते हवं असतं. तो पाड्यावरचा. त्याला प्रमाण मराठी धड कळत नाही, हिंदी तर नाहीच. चहूबाजूंनी यंत्रं वाजतात, अंग हलत नाही, माणसं परक्या भाषेत बोलतात. मी त्याच्या कानाशी सांगायची: तू मेलेला नाहीस, हे औषध उतरणार आहे, तुझी बायको बाहेर बसली आहे, आता मी तुझ्या नळीत सक्शन टाकणार आहे, घाबरू नकोस. त्याच्या नाडीत फरक पडायचा. मॉनिटरवर दिसायचा. आणि बाहेर जिन्यात बसलेल्या त्याच्या बायकोला डॉक्टर काय म्हणाले ते मीच समजावून सांगत होते, कारण दुसरं कुणी तिला समजेल असं बोलत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी तुमच्या ऑफिसातून मेसेज आला. उद्यापासून अमुक इस्पितळ, हृदयरोगाचा आयसीयू, जनरल शिफ्ट. का? तिकडचा दर जास्त होता. माझ्या जागी जी मुलगी आली ती चांगली होती, मेहनती होती. पण ते व्हेंटिलेटर तिने आधी हाताळलेलं नव्हतं आणि त्या माणसाची भाषा तिला येत नव्हती. तिला हँडओव्हर द्यायला मला दहा मिनिटं मिळाली. दहा मिनिटांत मी तिला आकडे दिले. कुठल्या कुशीवर त्याचा ऑक्सिजन घसरतो, कुठला अलार्म खरा आणि कुठला सैल वायरमुळे वाजतो, बायकोला कधी आत घेतलं की तो शांत होतो, हे दहा मिनिटांत देता येत नाही. ते त्या खाटेशी राहूनच कळतं. आयसीयूतली नर्सिंग म्हणजे हेच राहणं आहे, आणि तुमचा सगळा धंदा आम्हाला कुठेच राहू न देण्यावर उभा आहे.

आता पैशांचं बोलू. हा विषय तुमच्या जवळचा आहे.

राज्य सरकारच्या सेवेतल्या परिचारिकेची वेतनश्रेणी सातव्या वेतन आयोगानुसार 35,400 पासून सुरू होते. त्यावर महागाई भत्ता, घरभाडे. तीच खाट, तोच पेशंट, तीच रात्र. माझ्या हातात पडतं ते त्याच्या निम्म्याहून कमी. इस्पितळ माझ्या नावावर तुम्हाला किती देतं, हे मी विचारलं तेव्हा तुमच्या माणसाने सांगितलं, 'सिस्टर, ते तुमचं काम नाही.' माझ्या कामाचे पैसे हे माझं काम नाही! भविष्यनिर्वाह निधीत कामगाराचे 12 टक्के आणि मालकाचे 12 टक्के असा कायदा आहे. तुम्ही दोन्ही 12 टक्के माझ्याच रकमेतून कापता आणि मालक म्हणून सही करता. पगारपत्रक मागितलं की व्हॉट्सअ‍ॅपवर एक फोटो येतो, त्यातले आकडे वाचता येत नाहीत. कर्मचारी राज्य विम्याचं कार्ड मागितलं की 'प्रोसेसमध्ये आहे'. मागच्या वर्षी आमच्यातल्या एकीच्या बोटात पेशंटची वापरलेली सुई गेली. अशा वेळी औषध जितक्या लवकर तितकं बरं, 72 तासांच्या पुढे त्याचा उपयोग नाही. इस्पितळ म्हणालं, ती आमची नाही, एजन्सीला विचारा. एजन्सी म्हणाली, अपघात इस्पितळात झाला, इस्पितळाला विचारा. शेवटी आमच्या इन्चार्ज सिस्टरने स्वतःच्या अधिकारात औषध काढून दिलं. ती कायम नोकरीतली होती, म्हणून तिला ते धाडस परवडलं.

बाळंतपणाची 26 आठवड्यांची पगारी रजा 2017 पासून कायद्यात आहे. तुमच्याकडे मात्र पोट दिसायला लागलं की मेसेज येणं थांबतं. काढून टाकलं असं कुणी म्हणत नाही. नुसतं बोलावत नाहीत. अकरा महिन्यांनी ब्रेक, मग नवं पत्र, मग परत ब्रेक. अशाने एखादीची पाच वर्षं सलग कामात जातात आणि कागदावर एकही वर्ष पुरं होत नाही.

हे सगळं बेकायदा आहे, हे तुम्हाला माझ्याहून चांगलं ठाऊक असणार, कारण तुमच्याकडे वकील आहे. कंत्राटी कामगारांचा कायदा 1970 चा. कंत्राटदाराने पगार दिला नाही तर मुख्य मालकाने द्यायचा, असं त्यात पहिल्यापासून होतं. 21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या, त्यांतही ही जबाबदारी आहे आणि प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र देणंही आहे. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2016 मध्ये, पंजाब सरकारविरुद्ध जगजितसिंग या खटल्यात, तात्पुरत्या माणसालाही समान कामाला समान वेतन मिळालं पाहिजे असं म्हटलं. त्याच वर्षी जानेवारीत त्याच न्यायालयाने खासगी इस्पितळांतल्या परिचारिकांच्या पगारासाठी केंद्राला समिती नेमायला लावली. दोनशेहून जास्त खाटांच्या इस्पितळात राज्य सरकारच्या परिचारिकेइतका पगार असावा, लहानातल्या लहान इस्पितळातही 20,000 हून कमी नसावा, अशी शिफारस त्या समितीने केली. दहा वर्षं होत आली. 20,000 ची ती किमान रक्कम आजही आमच्यातल्या कितीतरी जणींना मोठी वाटते.

आणि तरी, साहेब, पैशांसाठी मी हे पत्र लिहिलं नसतं. पोट मारून जगायची आमच्या भागाला सवय आहे, आणि ही सवय तुम्ही हेरली आहे. पत्र लिहायला बसवलं ते भंडाऱ्याने.

9 जानेवारी 2021. भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयाचा नवजात शिशू कक्ष. मध्यरात्रीनंतर आग लागली. सतरा बाळं होती, सात वाचली, दहा गेली. इमारतीत आग विझवण्याची यंत्रणा धड नव्हती, हे नंतर सगळ्या महाराष्ट्राने वाचलं. चौकशी झाली, जिल्हा शल्यचिकित्सक निलंबित झाले. दोन कंत्राटी परिचारिकांची सेवा संपवण्यात आली. फरक लक्षात घ्या: निलंबित माणसाला निर्वाहभत्ता मिळतो, खातेनिहाय चौकशीत बाजू मांडता येते, परत येता येतं. सेवा संपलेल्या मुलीला घरी जायचं असतं. आणि फेब्रुवारीत सदोष मनुष्यवधाचा गुन्हा नोंदवला गेला तो याच दोघींवर. वायरिंग त्यांनी केलेलं नव्हतं. आगीची तपासणी थांबवलेली त्यांनी नव्हती. त्या दोघी त्या रात्री ड्युटीवर होत्या.

त्याच वर्षी 6 नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात कोविडच्या अतिदक्षता विभागाला आग लागली, त्या दिवशी अकरा पेशंट गेले. चार दिवसांच्या आत अटक झाली ती एका महिला वैद्यकीय अधिकाऱ्याला आणि तीन परिचारिकांना. पुन्हा खाटेजवळच्या बायका. ज्यांनी खाटेवरचा खर्च वाचवला ते फाइलींच्या मागे होते, आणि फाइलींच्या मागे पोलीस जात नाहीत.

दोष होता की नव्हता हे न्यायालय ठरवेल. मी विचारते ते वेगळंच. माझ्या आयसीयूत असं काही झालं तर तुम्ही कुठे असाल? इस्पितळ म्हणेल, ती आमची कर्मचारी नव्हती. तुम्ही म्हणाल, आम्ही फक्त माणूस पुरवला. नोंदणी माझी, सही माझी, चार्टवरचं अक्षर माझं. जबाबदारी संपूर्ण माझी, आणि पाठीशी कुणी नाही. तुम्हाला जो वाटा मिळतो तो कशाचा, साहेब? जोखमीचा म्हणावा तर जोखीम माझी. प्रशिक्षणाचा म्हणावा तर व्हेंटिलेटर मला शिकवलं ते कायम नोकरीतल्या जुन्या सिस्टरने, तिची पाळी संपल्यावर थांबून. मला शोधून आणण्याचा म्हणावा तर मी तुमच्या ऑफिसात स्वतः चालत आले होते, सर्टिफिकेटांची फाइल घेऊन.

तुम्हाला वाटेल, एका मुलीचा राग आहे, निवेल. म्हणून आता तुम्हाला बोलावणाऱ्यांकडे वळते.

6 सप्टेंबर 2023 ला राज्य सरकारने निर्णय काढला. सरकारी, निमसरकारी कार्यालयांना बाहेरून माणसं पुरवायला नऊ संस्थांची निवड झाली. अतिकुशल, कुशल, अर्धकुशल, अकुशल अशा चार वर्गांत शिक्षकापासून शिपायापर्यंत सगळे मावत होते. राज्यभर मुलं रस्त्यावर आली. 20 ऑक्टोबरला निर्णय रद्द झाला, आणि ते कुणाच्या काळातलं पाप होतं यावर सत्ताधारी आणि विरोधक भांडले. त्याच्या आधी, मे 2022 च्या अखेरीला, परिचारिकांची भरती बाहेरच्या संस्थांमार्फत करण्याच्या विरोधात राज्यातल्या सरकारी इस्पितळांतल्या परिचारिका संपावर गेल्या होत्या. त्यांनी तेव्हाच सांगितलं होतं काय होईल ते. त्या आमच्यासाठी भांडत होत्या, आणि वर्तमानपत्रांनी लिहिलं, 'रुग्णांचे हाल'. रुग्णांचे हाल कशाने होतात हे लिहायला जागा उरली नसावी. एक निर्णय रद्द झाला, पण तुमचे मेसेज मला एक दिवसही थांबले नाहीत. कारण पद भरायचं म्हटलं की वित्त विभागाची मान्यता लागते, जाहिरात, परीक्षा, आरक्षणाची बिंदुनामावली, सगळं लागतं. माणूस 'पुरवून' घ्यायचा तर एक टेंडर पुरतं. बिंदुनामावली हा शब्द आम्हा आदिवासी मुलींसाठी कोरडा नाही. पद भरलं तर त्यात आमच्या वाट्याची जागा असते. टेंडरमध्ये नसते. तुमच्यामार्फत आलेली जव्हारची मुलगी कुणाच्याही जागेवर नसते, आणि तिची जागा कुणाच्याही हिशेबात नसते.

आमच्या भागाचं सांगितल्याशिवाय हे पुरं होणार नाही. 1992 साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत कुपोषणाने मुलं गेली, तेव्हा कुठे मुंबईला कळलं की आम्ही आहोत. मंत्री आले, जव्हारला अपर जिल्हाधिकारी कार्यालय आलं. 1 ऑगस्ट 2014 ला पालघर जिल्हा वेगळा झाला. जिल्ह्याचं ठिकाण जवळ येईल म्हणाले. मोखाड्याच्या पेशंटला आजही जगवायचं असेल तर नाशिक नाहीतर ठाणे. तोरंगणचा घाट किंवा वाडा-भिवंडीचा रस्ता. ऑगस्ट 2022 मध्ये बोटोशीच्या मर्कटवाडीत सातव्या महिन्यात जुळी मुलं घरातच जन्मली आणि दगावली. आईला रक्तस्राव होत होता, गाडी पाड्यापर्यंत येईना म्हणून तिला चादरीच्या डोलीतून चिखलाच्या उतारावरून न्यावं लागलं. जून 2025 मध्ये जोगलवाडीच्या बाईला 108 ची गाडी वेळेवर मिळाली नाही. खोडाळा, मग मोखाडा, मग नाशिक. बाळ पोटातच गेलं. परतताना बापाने ते बाळ पिशवीत घालून एसटीने गावी आणलं. ही बातमी तुम्हीही मोबाइलवर पाहिली असेल. मी ती आयसीयूच्या बाहेरच्या बाकावर, जेवणाच्या सुट्टीत पाहिली, आणि डबा तसाच परत नेला.

या बातम्यांत सगळे रस्ता बघतात, गाडी बघतात. ते खरंच आहे. पण गाडी वेळेवर आली असती तरी ती कुठे जाणार होती? रस्त्याच्या शेवटी खाट लागते, खाटेला ऑक्सिजन लागतो, ऑक्सिजनपाशी रात्रभर उभी राहणारी, शिकलेली, न थकलेली, पाड्याची बोली येणारी बाई लागते. ती बाई आमच्याकडे नाही असं नाही. जव्हार-मोखाड्यातून दर वर्षी मुली नर्सिंग करून बाहेर पडतात. आश्रमशाळेत वाढलेल्या, आईबाप दिवाळीनंतर वीटभट्टीवर गेलेले असताना धाकट्या भावंडांचं करून शिकलेल्या. त्यांना त्यांच्याच तालुक्यात कायमची, पुऱ्या पगाराची नोकरी द्या; त्या कुठेही जाणार नाहीत. मध्य वैतरणा धरण आमच्या मोखाड्यात, कोचाळ्याला बांधलं आणि पाणी मुंबईला नेलं. आता त्याच वाटेने मुली नेता. पाण्याची निदान मोजणी होते.

तुमच्या धंद्याला लोक 'गरज' म्हणतात. अचानक साथ आली, कुणी रजेवर गेलं, तात्पुरता माणूस लागला, तर एजन्सी असायला माझी हरकत नाही. कोविडमध्ये आम्हाला रातोरात उभं केलं, तेव्हा गरज होती. जी खाट वर्षाचे 365 दिवस भरलेली असते तिच्यासाठी तात्पुरता माणूस लागत नाही. कायम चालणाऱ्या कामावर वर्षानुवर्षं तात्पुरती माणसं ठेवणं आणि त्यासाठी बाहेरून माणसं घेणं हे पळवाटेसारखं वापरलं जातं, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2024 मध्ये जग्गो विरुद्ध भारत सरकार या निकालात स्पष्ट बोलून दाखवलं. त्या खटल्यातल्या बायका झाडलोट करणाऱ्या होत्या. त्यांना न्याय मिळायला वर्षानुवर्षं लागली, पण मिळाला. आम्हीही वाचतो, साहेब. नाईटला पेशंट स्थिर असला की कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून वाचतो.

तर तुमच्याकडे मागणं असं आहे. इस्पितळाकडून माझ्या नावावर काय घेता ते माझ्या पगारपत्रकावर छापा. भविष्यनिर्वाह निधीतला तुमचा वाटा तुमच्या खिशातून भरा. सोळा तास जागी असलेली मुलगी पुढच्या पाळीला पाठवू नका. पाठवलीत तर तिच्या हातून काही झाल्यावर पहिलं नाव तुमचं घेतलं जाईल, याची तजवीज आम्ही करतो आहोत. एका आयसीयूत दिलेली सिस्टर तिथून दरासाठी उचलू नका. आणि सुई टोचली, पोरीला दिवस गेले, पोलीस आले, तर फोन उचला. तुमचा फोन ड्युटी नाकारली की मिनिटात येतो. म्हणजे तो बंद नसतो.

इस्पितळ चालवणाऱ्यांना आणि सरकारला वेगळं सांगायला नको. 365 दिवसांच्या खाटेला 365 दिवसांची परिचारिका द्या. जव्हार आणि मोखाड्यातली पदं आधी भरा, आणि ती भरताना तिथल्या मुलींना त्यांची जागा द्या.

आणि वाचकहो, तुमचं माणूस आज कुठल्या आयसीयूत असेल तर बाहेर बसल्या बसल्या एक काम करा. आत जाणाऱ्या डॉक्टरांना, अधीक्षकांना विचारा: या पाळीत किती व्हेंटिलेटरमागे किती सिस्टर आहेत, त्यांतल्या एजन्सीच्या किती, आणि त्या किती तासांपासून जाग्या आहेत? उत्तर लेखी मागा. आम्ही विचारलं तर आमची ड्युटी जाते. तुम्ही विचारलंत तर त्यांना उत्तर द्यावं लागेल.

तुमच्या यादीतली,
एक स्टाफ नर्स, रात्रपाळी